रामटेकचा मेघ, मल्लिनाथाचा किस्सा आणि तीन विषयांचं भांडण

एम.ए. मराठीच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे. थोडक्यात तो असा: "आषाढाच्या पहिल्या दिवशी आमच्या विभागाची सहल रामटेकला गेली. तिथे सांगितलं गेलं की कालिदासाने मेघदूत इथेच बसून लिहिलं. परत आल्यावर इतिहासाचे सर म्हणाले, कविता हा पुरावा नव्हे, तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. समीक्षा शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, कवी कोण, कुठला, कधीचा, याच्याशी आपल्याला कर्तव्यच नाही, कविता स्वयंपूर्ण असते. मग कविता, समीक्षा आणि इतिहास यांचा एकमेकांशी संबंध तरी काय? मला लघुप्रबंधासाठी हाच विषय घ्यायचा आहे."

पोथ्या आणि छापील आवृत्त्या ताडून पाहणं आणि पोरांना कविता शिकवणं यातच माझी नोकरी गेली, म्हणून थोडं लांबण लावतो.

आधी माझं मत. कविता हा पुरावा आहे, पण आपण विचारतो त्या प्रश्नाचा बहुतेक वेळा नसतो. ती कोणत्या प्रश्नाला उत्तर देऊ शकते हे समीक्षा ठरवते. समीक्षेला डावलून इतिहासकार थेट कवितेत शिरला की त्याच्या हाती दंतकथा लागते, आणि इतिहास डावलून समीक्षक कवितेत शिरला की त्याला आपलेच विचार परत ऐकू येतात. तुमच्या सरांची सावधगिरी मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. मॅडमच्या भूमिकेबद्दल पुढे बोलतो.

रामटेकपासूनच सुरुवात करू, कारण आपल्या घराजवळ याहून चांगलं उदाहरण नाही. नागपूरहून सुमारे ५० किलोमीटरवरची ही टेकडी म्हणजेच मेघदूतातला रामगिरी, हे मत नेटाने मांडलं ते वा. वि. मिराशींनी. ते संस्कृतचे प्राध्यापक होते, नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकवत, आणि विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटकांच्या कोरीव लेखांचा त्यांनी संपादित केलेला खंड १९६३ साली प्रसिद्ध झाला. काव्य जाणणारा आणि ताम्रपट वाचणारा एकच माणूस असणं हा दुर्मीळ योग आहे, आणि मिराशींच्या युक्तिवादाचं बळ त्यातच आहे.

युक्तिवाद साधारण असा. मेघदूत म्हणजे शापामुळे बायकोपासून दूर पडलेल्या एका यक्षाने मेघाबरोबर तिला धाडलेला निरोप. त्याच्या पहिल्याच श्लोकात यक्ष राहतो ते ठिकाण 'रामगिर्याश्रमेषु' म्हणून येतं, आणि तिथलं पाणी सीतेच्या स्नानाने पुण्यवान झालेलं आहे. पुढे मेघ ज्या पर्वताचा निरोप घेतो त्याच्या उतारांवर रघुपतीची पावलं उमटलेली आहेत. आता दुसरीकडे पाहा. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा ताम्रपट मिळाला. ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाची बायको, आणि नवरा गेल्यावर लहान मुलाच्या नावाने राज्य चालवणारी बाई. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात दिलेलं हे दान 'रामगिरिस्वामिनः पादमूलात्', म्हणजे रामगिरीच्या स्वामीच्या पायापासून दिलेलं आहे. तिचा दुसरा ताम्रपट नंदिवर्धनहून निघाला. नंदिवर्धन म्हणजे रामटेकच्या पायथ्याजवळचं नगरधन. अलीकडे नगरधनच्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्राही सापडली.

म्हणजे पाचव्या शतकाच्या आसपास नंदिवर्धनच्या परिसरात रामगिरी नावाचं क्षेत्र होतं आणि तिथल्या देवाच्या पायाला राजघराण्यात मान होता, एवढं धातूवर कोरून ठेवलेलं आहे. कवितेतला रामगिरी आणि त्यावरची रामाची पावलं त्याला जुळतात. 'पादमूल' हा नुसता आदराचा प्रयोगही असू शकतो, दगडावरच्या पावलांचा पुरावा तेवढ्याने होत नाही. तरी जुळणी वजनदार आहे.

आता यातून काय सिद्ध झालं? कालिदास इथे बसला होता हे नाही. कालिदासाने 'रामगिरी' म्हटलं तेव्हा त्याच्या ऐकणाऱ्यांना कोणतं क्षेत्र आठवलं असेल, याचा एक भरभक्कम अंदाज मिळाला. हे दोन वेगळे निष्कर्ष आहेत. सहलीतला मार्गदर्शक पहिल्यावर उडी मारतो आणि इतिहासाचे सर त्या उडीला वैतागून दुसराही फेकून देतात.

विरोधी पक्षही ऐकायला हवा. मल्लिनाथ हा मेघदूताचा सर्वांत लोकप्रिय टीकाकार, म्हणजे श्लोकांचा अर्थ उलगडून सांगणारा भाष्यकार. तो रामगिरी म्हणजे चित्रकूट असं सरळ लिहून टाकतो. छत्तीसगडमधल्या सरगुज्याच्या रामगडाचाही दावा आहे. यातला चित्रकूट मला पटत नाही, आणि कारण कवितेतच आहे. मेघाने उत्तरेकडे तोंड करून निघायचं आहे आणि विदिशेआधी त्याला रेवा, म्हणजे नर्मदा, लागते. चित्रकूटहून निघालात तर नर्मदा तुमच्या मागे, दक्षिणेला राहते. पण रामटेकवाल्यांनी लगेच टाळी वाजवू नये. वाटेत आम्रकूट नावाचा पर्वत येतो. तो अमरकंटक धरला तर रामटेकहून निघालेल्या मेघाला ईशान्येला लांबच लांब वळसा पडतो. म्हणून मग आम्रकूट दुसरीकडे शोधायची धडपड सुरू होते.

इथे नकाशा आणि पट्टी घेऊन बसलेल्या माणसाला समीक्षकाने हटकलं पाहिजे. कारण यक्ष स्वतःच मेघाला सांगतो: तू उत्तरेला निघालास, उज्जैनची वाट तुला वाकडी पडेल, तरी तिथल्या वाड्यांची गच्ची चुकवू नकोस. 'वक्रः पन्था यदपि भवतः'. विरहाने पोळलेला माणूस निरोप लवकर पोचावा म्हणून धडपडतो आहे आणि त्याच वेळी निरोप्याला आडवाटेने फिरवतो आहे. ही विसंगती म्हणजेच त्या कवितेचा प्राण. जो कवी वाकडी वाट जाहीरपणे सांगून घेतो, त्याच्या श्लोकांवरून सर्वांत जवळचा रस्ता काढणं म्हणजे कविता न वाचणं. भूगोल कवितेत आहे, खराखुरा आहे, पण तो इच्छेच्या क्रमाने मांडलेला आहे. एवढं कळलं की आम्रकूटचं भांडण निम्मं निवतं.

आषाढाच्या पहिल्या दिवसाचंही तसंच. यक्षाला मेघ दिसतो तो 'आषाढस्य प्रथमदिवसे', म्हणून आपल्याकडे तो कालिदास दिन. पण काश्मीरचा जुना टीकाकार वल्लभदेव, साधारण दहाव्या शतकातला, 'प्रथमदिवसे' वाचतच नाही, तो 'प्रशमदिवसे' वाचतो: आषाढ संपतानाचा दिवस. त्याच्या बाजूने बोलणारी गोष्ट अशी की पुढच्या एका श्लोकात श्रावण जवळ आला असं म्हटलं आहे. मल्लिनाथाला हा पाठ ठाऊक आहे आणि तो फेटाळतो. मग उत्तरमेघात, म्हणजे काव्याच्या दुसऱ्या भागात, यक्ष सांगतो, विष्णू शेषशय्येवरून उठेल तेव्हा माझा शाप संपेल, अजून चार महिने काढ. कार्तिक शुद्ध एकादशीपासून आपल्या पंचांगाप्रमाणे चार महिने मागे मोजा, येते आषाढ शुद्ध एकादशी. म्हणजे ना पहिला दिवस, ना शेवटचा! मल्लिनाथ हे दहा दिवस कसेबसे पदरात घेतो. मला विचाराल तर यक्ष पंचांग बघून बोलत नाही, तो बायकोला धीर देतो आहे. पण पाठभेद मात्र खराच आहे, आणि उत्सवाची तारीख ठरवताना आपण दोन टीकाकारांपैकी एकाच्या बाजूने मत दिलेलं आहे हे रामटेकला गेलेल्या किती जणांना माहीत असतं?

आता माझा आवडता भाग, मल्लिनाथाचा किस्सा. मेघाला निरोप देताना यक्ष म्हणतो: या ओल्या निचुलांच्या जागेवरून उत्तरेकडे झेप घे, आणि वाटेत दिङ्नागांच्या, म्हणजे दिशा सांभाळणाऱ्या हत्तींच्या, जाड सोंडांचे फटकारे चुकव. निचुल हे झाड. श्लोक इतकाच. मल्लिनाथ म्हणतो, इथे आणखी एक अर्थ आहे. निचुल नावाचा कालिदासाचा एक रसिक कवीमित्र होता, आणि दिङ्नाग नावाचा एक पंडित त्याच्या काव्यात दोष काढत हात नाचवत असे. कालिदास आपल्या कवितेलाच सांगतो आहे, त्या दोष काढणाऱ्याच्या हातवाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस. मल्लिनाथाच्या आधी दक्षिणावर्तनाथानेही हे सांगितलं होतं.

पुढची गंमत पाहा. दिङ्नाग म्हणजे प्रसिद्ध बौद्ध तर्कपंडित असं धरून काही आधुनिक अभ्यासकांनी यावरून कालिदासाचा काळ ठरवायचा प्रयत्न केला. साखळी कशी झाली? कवीने हत्ती लिहिले. टीकाकाराने कित्येक शतकांनी त्यात श्लेष पाहिला. इतिहासकाराने श्लेषाला घटना समजून कालनिर्णयात वापरलं. आणि जुन्या वल्लभदेवाला यातलं काही माहीत नाही.

पण मल्लिनाथाला मी खोटारडा म्हणणार नाही. त्याच्या किश्श्यातही इतिहास आहे, फक्त तो कालिदासाचा नसून टीकाकारांचा आहे. कवी, त्याचा रसिक मित्र आणि त्याचा दोषैकदृष्टी वैरी असं त्रिकूट ज्या समाजात सहज सुचतं, त्या समाजात समीक्षा हा जिवंत धंदा होता, त्यात हेवेदावे होते, कवी दोष काढणाऱ्यांना वचकून होते. मल्लिनाथाच्या काळच्या साहित्यव्यवहाराबद्दल हा उत्तम पुरावा आहे. प्रश्न बदलला की तोच कागद बोलू लागतो.

आणि हे जुन्यांचंच खूळ आहे असं समजू नका. आपल्या ग्रेसांचं पाहा. नागपुरात जन्मलेला, वाढलेला, 'संध्याकाळच्या कविता' १९६७ साली घेऊन आलेला हा कवी. त्याच्या कवितेवर आधी 'दुर्बोध' असा शिक्का बसला, आणि मग तो दुर्बोधपणा फोडायला म्हणून आयुष्यातल्या गोष्टी जोडल्या जाऊ लागल्या. 'ती गेली तेव्हा रिमझिम' या कवितेमागची 'खरी कहाणी' सांगणारे मजकूर तुमच्याही व्हॉट्सअॅपवर आले असतील. ती कहाणी खरी की खोटी यात मी शिरत नाही. मला एवढंच दिसतं की कहाणी कळल्यावर लोक कविता वाचायचं थांबवतात. कोडं सुटलं, पुढचं फॉरवर्ड. मल्लिनाथ निदान श्लेष दाखवून उरलेला श्लोक समजावून तरी देत होता.

म्हणून तुमच्या मॅडमचं म्हणणं मला कळतं. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारानंतर मराठी समीक्षेत कलाकृतीच्या स्वायत्ततेचा जो आग्रह वाढला, त्याने या किस्सेबाजीला चाप लावला, हे त्याचं मोठंच काम. पण कविता स्वयंपूर्ण असते हा विचारसुद्धा एका काळात, काही कारणांनी, काही माणसांना सुचलेला आहे. त्याला स्वतःचा इतिहास आहे. विरहाच्या श्लोकात 'शार्ङ्गपाणी (विष्णू) उठेल तेव्हा' म्हणजे कधी, हे कळायला चातुर्मास माहीत असावा लागतो. तो कवितेच्या बाहेरचा म्हणायचा की आतला?

इतिहासाच्या सरांना मात्र एक प्रश्न जरूर विचारा, नम्रपणे. समुद्रगुप्ताच्या विजयांची माहिती ते कशावरून शिकवतात? अलाहाबादच्या स्तंभावरच्या हरिषेणाच्या प्रशस्तीवरून. आणि हरिषेण त्या लेखाला स्वतःच 'काव्य' म्हणतो. कालिदास केव्हापूर्वीचा हे कशावरून? इ.स. ६३४ च्या ऐहोळे लेखावरून, जिथे रविकीर्ती आपली कीर्ती कालिदास-भारवींच्या तोडीची आहे अशी फुशारकी मारतो. त्याच्याही आधी, इ.स. ४७३ च्या मंदसोर लेखात वत्सभट्टीच्या श्लोकांवर मेघदूताची छाया बहुतेक अभ्यासकांना दिसते, म्हणजे तिथे तर तारीख ठरवायला समीक्षकाचा कानच लागतो. तेव्हा 'कविता नको, कोरीव लेख आणा' असं म्हणून सुटका नाही. दगडावर आली तरी कविता ती कविताच.

मग दगडावरची कविता इतिहासकार कशी वाचतात? इथे मला माझी एक कामाची युक्ती सांगायची आहे. प्रत्येक काव्यप्रकाराचे संकेत असतात. राजाची प्रशस्ती असेल तर कीर्ती चारी समुद्रांपलीकडे जाणारच, शत्रूंच्या बायका रडणारच. ते पुरावा म्हणून धरायचं नाही. पण हरिषेण दक्षिणापथाच्या राजांची यादी द्यायला लागतो, कोसलचा महेंद्र, कांचीचा विष्णुगोप, तेव्हा संकेताला या नावांची गरज नव्हती. जिथे कविता आपल्या साच्याला सोडून काही सांगते तिथे कान टवकारायचे. पण साचा कोणता हे माहीत असल्याशिवाय तो कुठे सुटला हे कळणार कसं? ते सांगणं हे समीक्षेचं काम. इतिहासकाराला समीक्षा लागते ती इथे.

कल्हणाचा एक श्लोक यावर नेहमी आठवतो. बाराव्या शतकात काश्मीरचा इतिहास त्याने पद्यात लिहिला आणि सुरुवातीलाच म्हटलं:

श्लाघ्यः स एव गुणवान् रागद्वेषबहिष्कृता।
भूतार्थकथने यस्य स्थेयस्येव सरस्वती॥

घडलेलं सांगताना ज्याची वाणी न्याय देणाऱ्या पंचासारखी लोभ-द्वेष बाहेर ठेवते तोच गुणी, तोच वाखाणण्याजोगा. हे म्हणणारा कवी आहे, आपण काव्य लिहितो आहोत याची त्याला पक्की जाण आहे. कविता आणि इतिहास ही दोन खाती त्याच्या लेखी वेगळी नव्हती. आपल्या विद्यापीठांत ती वेगवेगळ्या इमारतींत बसतात, एवढाच फरक.

आणि समीक्षेचं लग्न तर आपल्याच विदर्भात लागलं आहे! राजशेखर या जुन्या संस्कृत कवीच्या काव्यमीमांसा या काव्यशास्त्राच्या ग्रंथातली गोष्ट: सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून निघून जातो, त्याला आवरायला गौरी साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते. ती त्याच्यामागे देशोदेशी फिरते. पूर्वेकडे तो तिच्याकडे नीट बघतही नाही, पुढे हळूहळू वळतो, आणि पुरता वश होतो तो दक्षिणेत. लग्न लागतं विदर्भातल्या वत्सगुल्म नगरीत, म्हणजे आजच्या वाशीमला. ही कल्पितकथा आहे. पण कल्पना करणाऱ्याने वाशीमच का निवडलं? वत्सगुल्म ही वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेची राजधानी होती, वैदर्भी रीतीचा, म्हणजे विदर्भाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काव्यशैलीचा, मान मोठा होता, आणि राजशेखराला आपल्या घराण्याच्या महाराष्ट्राशी असलेल्या नात्याचा अभिमान होता. राज्य जाऊन काही शतकं झाल्यावरही त्या नगरीचं नाव रसिकतेची खूण म्हणून टिकलं होतं, हे या गोष्टीवरून कळतं.

आता मराठीकडे येतो, कारण प्रबंध तुम्हाला मराठीत लिहायचा आहे.

मराठीत कवितेवर समीक्षेचे आणि इतिहासाचे संस्कार एकाच वेळी करणारा पहिला मोठा माणूस मी एकनाथांना मानतो. शके १५०६, म्हणजे १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ग्रंथ शके १२१२ चा. मधल्या तीनशे वर्षांत लिहिणाऱ्यांनी आणि सांगणाऱ्यांनी भर घातलेली. नाथ स्वतः सिद्धहस्त कवी, त्यांना एखादी ओवी सुधारणं डाव्या हाताचा मळ. पण त्यांनी उलट तंबी दिली की ज्ञानेश्वरीच्या पाठात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजा. कवीने स्वतःच्या हाताला लावलेला हा लगाम आहे. आपण आज रामदेवराव यादवाचा उल्लेख ज्ञानेश्वरीच्या शेवटी आहे म्हणून इतिहासात वापरतो, तो अशा हातांमुळे वापरता येतो.

सगळ्याच ग्रंथांना असा एकनाथ मिळाला नाही. मुकुंदराजांचा विवेकसिंधू घ्या. त्याच्या शेवटी शके १११० चा काळ आणि वैनगंगेच्या तीराचा उल्लेख येतो. त्या आधारावर मुकुंदराज मराठीचे आद्यकवी ठरतात, ज्ञानेश्वरांच्या शंभर वर्षं आधीचे, आणि नागपूर जिल्ह्याच्या टोकाला असलेलं आंभोरा हे त्यांचं ठिकाण ठरतं. दुसरीकडे मराठवाड्यात अंबाजोगाईला त्यांची समाधी दाखवतात आणि तिथली मंडळी ठामपणे सांगतात की कवी आमचा. वाद अजून मिटलेला नाही, आणि काळ सांगणारा भाग मूळचा की मागाहून जोडलेला यावरही अभ्यासकांचं एकमत नाही. एका भाषेच्या वाङ्मयाचा आरंभ कुठे मानायचा हे चार ओळींच्या खरेखोटेपणावर लटकलेलं आहे! या ओळी खऱ्या का खोट्या हे ठरवायला भाषेचं वय ओळखावं लागतं, ओवीची चाल ओळखावी लागते, पोथ्यांची वंशावळ लावावी लागते. हे सगळं वाचनाचं काम. आणि आंभोऱ्याच्या बाजूने बोलताना आपण विदर्भाचे आहोत हे विसरावं लागतं. मला ते पूर्ण जमतं असं म्हणणार नाही.

वि. भि. कोलत्यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून लोक त्यांना ओळखतात, पण महानुभाव पोथ्यांवरचं त्यांचं काम हे खरं मोठेपण. म्हाइंभटांचा लीळाचरित्र हा ग्रंथ गद्य आहे, तेव्हा आपल्या विषयाच्या जरा कडेला. तरी तो चाळा. चक्रधरांच्या आठवणी कुणी सांगितल्या, एकाच लीळेची दुसऱ्याची आठवण कशी वेगळी, हे टिपून ठेवायची शिस्त तेराव्या शतकातल्या मराठीत दिसते. तो ग्रंथ आकाराला आला रिद्धपूरला, म्हणजे प्रभावतीगुप्तेचा ताम्रपट मिळाला त्याच गावात. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठही झालं आहे.

पोवाड्यांबद्दल दोनच वाक्यं. तुळशीदासाचा तानाजीवरचा पोवाडा ऐकला की कोंढाण्याचं नाव सिंहगड कसं पडलं ते सगळ्यांना पाठ होतं. पण शिवाजी महाराजांच्या १६६३ च्या पत्रातच सिंहगड हे नाव आहे आणि तानाजी पडले १६७० साली. म्हणून पोवाडा टाकून द्यायचा नाही: लोकांना या नावाला एका माणसाचं मरण जोडावंसं का वाटलं, याचा तो पुरावा आहे.

सर्वांत महत्त्वाचं मी मागे ठेवलं आहे. वरची बहुतेक उदाहरणं राजांची, पंडितांची आहेत. ज्यांच्याबद्दल ताम्रपट निघालेच नाहीत त्यांचा इतिहास कुठे शोधायचा? चोखोबांचा मुलगा कर्ममेळा, त्याचा हा अभंग:

आमुची केली हीन याती। तुज कां न कळे श्रीपती॥
जन्म गेला उष्टें खातां। लाज न ये तुमचे चित्ता॥

महसुलाच्या कागदात महाराचे हक्क आणि कामं लिहिलेली सापडतील. उष्टं खाऊन जन्म काढणाऱ्याला काय वाटत होतं ते तिथे सापडणार नाही. आणि इथे माझी युक्ती लावून पाहा. अभंगाचा संकेत म्हणजे भक्ताने आपलं हीनपण सांगून देवाला शरण जाणं. चोखोबांच्या 'हीन याती माझी देवा, कैसी घडे तुझी सेवा' मध्ये तो संकेत आहे, दुःख त्याच्या आत मुरलेलं आहे. कर्ममेळा संकेत मोडतो. हीन याती 'माझी' नाही, ती 'केली' आहे, आणि लाज वाटायला हवी ती देवाला. एकाच घरात, एका पिढीच्या अंतराने.

इथेही सावध राहायचं. या घराचे अभंग आपल्यापर्यंत पुष्कळ उशिराच्या बाडांमधून आले आहेत, शेवटची नाममुद्रा म्हणजे काही कवीची सही नव्हे. समजा, हा अभंग कुणी नंतर रचून कर्ममेळ्याच्या नावावर घातला असेल. तरी कुणाला तरी तो रचावासा वाटला, आणि गाणाऱ्यांनी तो टाकून दिला नाही, हे उरतंच. त्या रागाचं साल सांगता येत नाही, राग होता हे सांगता येतं.

आता याच परंपरेचं वाचन कसं बदललं पाहा. नागपूरजवळच्या मोहप्याला १८७९ मध्ये जन्मलेले किसन फागोजी बनसोडे हे कवी, संपादक, कार्यकर्ते. 'निराश्रित हिंद नागरिक', 'मजूर पत्रिका', 'चोखामेळा' ही पत्रं त्यांनी चालवली. शेवटच्या पत्राचं नावच पाहा. त्यांच्या पिढीला चोखोबा हा आपला मोठेपणा सांगणारा पूर्वज वाटत होता. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतरच्या पिढीने चोखोबाच्या शरणागतीकडे पाठ फिरवली. देवाच्या दाराशी रडणारा कवी त्यांना नको होता. नागपूरच्याच यशवंत मनोहरांचा 'उत्थानगुंफा' १९७७ साली आला, वामन निंबाळकरांचा 'गावकुसाबाहेरील कविता' त्याच्या चार वर्षं आधी. त्या कवितेचा आवाजच वेगळा आहे. आणि तरी बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' हे १९४८ चं पुस्तक अर्पण केलं ते नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना. म्हणजे 'आंबेडकरी चळवळीने चोखोबा नाकारला' हे विधानही तपासूनच लिहावं लागतं.

यात अभंग तोच राहिला, वाचणारे बदलले. कोणत्या सालात कुणी तो कशासाठी वाचला हे लिहून काढलं तर तो विसाव्या शतकातल्या विदर्भाच्या इतिहासाचा एक अध्याय होईल. आणि जोडीला आणखी एक प्रश्न विचारा: आधुनिक मराठी कवितेचा इतिहास शिकवताना आपण केशवसुतांपासून निघतो आणि ठराविक थांबे घेत मर्ढेकरांपर्यंत येतो, त्या रस्त्यावर बनसोडे का भेटत नाहीत? त्यांची कविता कमअस्सल होती म्हणून? असेलही. पण तसं म्हणायला कुणीतरी ती आधी वाचायला हवी होती. वाङ्मयाचा इतिहास समीक्षेने केलेल्या निवडीतून बनतो, आणि निवड करणाऱ्यांचे शेजारी, जाती, मासिकं, गावं त्या निवडीत उतरतात. पुण्या-मुंबईने विदर्भाला डावललं असं आपण नागपूरकर उठता-बसता म्हणतो. इथल्या समीक्षकांनी इथल्याच कुणाकुणाला डावललं, तेही बघा.

प्रबंधाबद्दल आता. 'कविता, समीक्षा आणि इतिहास यांचा परस्परसंबंध' हा विषय नोंदवू नका. तो एवढा मोठा आहे की शंभर पानांत तुम्ही फक्त इतरांची मतं गोळा कराल. रामटेकही नको, मिराशींनंतर तिथे नवं सांगायला संस्कृत आणि पुरालेख दोन्ही लागतील. दोन वाटा सुचवतो. आंभोऱ्याचा मुकुंदराज: विवेकसिंधूच्या छापील आवृत्त्यांमधला शेवट एकमेकांशी ताडून पाहायचा, कोणत्या संपादकाने कोणत्या पोथीवरून काय घेतलं हे प्रस्तावनांतून काढायचं, आणि मग आद्यकवी कोण या वादात प्रत्येक बाजू त्या चार ओळी कशा वापरते ते मांडायचं. किंवा दुसरी वाट: बनसोड्यांपासून १९७७ पर्यंत नागपूर परिसरातल्या कवितेत चोखोबा कुठे कुठे येतो आणि कसा येतो. यातल्या दुसऱ्यासाठी जुनी नियतकालिकं धुंडाळावी लागतील. विदर्भ साहित्य संघाच्या 'युगवाणी'चे जुने अंक बघा, विद्यापीठाच्या ग्रंथालयात बघा, आणि वस्त्यांमधल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी विचारा, कारण बराचसा कागद तिथेच असतो.

माझं मत विचाराल तर दुसरी घ्या. पहिलं प्रकरण लिहायच्या आधी प्रत्येक कवितेचा मूळ छापील पाठ आणि साल हाताने उतरवून घ्या. संग्रहात येताना कवी ओळी बदलतात, आणि अंकातली कविता व संग्रहातली कविता यांत फरक दिसला तर तो फरकच तुमच्या पहिल्या प्रकरणाचा विषय करा.